तिहान्य: बालातोन तळ्याकाठचं राजाचं गाव

तिहान्य हे हंगेरीतलं जेमतेम तेराशे-चौदाशे वस्तीचं गाव. बालातोन तळ्यात उत्तरेकडून एक द्वीपकल्प घुसलेलं आहे, त्याच्या पूर्वेकडच्या उंच कड्यावर ते वसलं आहे. जून-जुलैत लॅव्हेंडर फुलतो तेव्हा बुडापेस्टहून बसेस भरून माणसं येतात, जांभळ्या शेतात फोटो काढतात आणि दोन तासांत परत जातात. मी आणि आई मात्र मुक्कामालाच गेलो. आई शाळेत इतिहास शिकवायची. तिला राजे, सनावळ्या आणि जुने दगड हवे होते, मला चालायचं होतं. तिहान्यने दोघींचंही समाधान केलं.

बुधवार

बुडापेस्टच्या देली स्थानकातून बालातोनफ्युरेदची गाडी घेतली. बालातोनअकरात्याजवळ रूळ उंच कड्यावर येतात आणि एकदम खाली तळं दिसतं. तळं म्हणायचं म्हणून, नाहीतर ७७ किलोमीटर लांबीचं आणि सुमारे ५९४ चौरस किलोमीटरचं हे पाणी समुद्रच वाटतं. रंग दुधाळ हिरवा. एवढ्या मोठ्या तळ्याची सरासरी खोली तीन मीटरच्या आसपास, त्यामुळे वारा सुटला की तळाचा बारीक चुनखडीचा गाळ ढवळून वर येतो आणि पाण्याला तो रंग देतो.

बालातोनफ्युरेदला उतरून आधी रवींद्रनाथ ठाकुरांच्या झाडाकडे गेलो. १९२६ साली युरोपच्या दौऱ्यात रवींद्रनाथांची तब्येत बिघडली. बुडापेस्टच्या डॉक्टरांनी त्यांना इथल्या हृदयरोगाच्या आरोग्यधामात पाठवलं. इथलं कर्बवायुयुक्त खनिज पाणी पिण्यासाठी आणि अंघोळीच्या उपचारांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. बरं वाटल्यावर ८ नोव्हेंबर १९२६ला त्यांनी तळ्याकाठी लिंडनचं रोपटं लावलं. आज काठच्या त्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे, झाडाशेजारी त्यांचा पुतळा आहे. पुढे बऱ्याच पाहुण्यांनी इथे झाडं लावली. त्यात १९७२ साली आलेल्या इंदिरा गांधीही आहेत. आई त्या खोडाला हात लावून बराच वेळ उभी राहिली. तिने रवींद्रनाथ बंगालीतून वाचलेले नाहीत, मराठीतूनच वाचलेत, पण पाठ आहेत.

तिथून बसने तिहान्य. आम्ही पोचलो तेव्हा सहलींच्या बसेस परत निघाल्या होत्या. आमची खोली एका जुन्या घराच्या मागच्या अंगाला होती. घरमालकीणबाईंना थोडं इंग्रजी येत होतं, बाकीचं हातवाऱ्यांनी भागलं. रात्री लांगोश खाल्लं. मैद्याची तळलेली मोठी जाड पोळी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. एक दोघींना पुरलं.

गुरुवार

हा दिवस मठाचा. गावात कुठेही उभं राहिलं तरी त्याचे दोन मनोरे दिसतात.

मठाची गोष्ट एका निर्वासित राजपुत्रापासून सुरू होते. त्याचं नाव आंद्राश. त्याचे वडील वझुल. हंगेरीचा पहिला ख्रिस्ती राजा इश्त्वान, वझुल त्याचा चुलतभाऊ. सत्तेच्या भांडणात वझुलचे डोळे काढले गेले, कानांत वितळलेलं शिसं ओतलं गेलं. मुलं देश सोडून पळाली. आंद्राश कीव्हला पोचला आणि तिथल्या यारोस्लाव्ह राजाच्या मुलीशी, अनास्तासियाशी, त्याचं लग्न झालं. १०४६ साली हंगेरीत बंड पेटलं तेव्हा सरदारांनी त्याला परत बोलावून घेतलं. त्याने गादी मिळवली आणि १०५५ साली तिहान्यला रोमच्या चर्चमधल्या बेनेडिक्टीन पंथाच्या साधूंचा मठ स्थापन केला. आपल्या घराण्याला चिरविश्रांतीची, म्हणजे दफनाची, जागा असावी हा त्यामागचा हेतू. पाच वर्षांतच, १०६० साली, सख्ख्या भावाशी झालेल्या लढाईत त्याचा शेवट झाला.

वरचं चर्च आजच्या रूपात बरंच उशिराचं, १७१९ ते १७५४ या काळात बांधलेलं. पण पायऱ्या उतरून तळघरात गेलं की आपण थेट अकराव्या शतकात असतो. बुटके जाड खांब, त्यांवर कमानी, दगडाचा थंड वास. मधोमध राजाचं थडगं. त्यावर पांढरट शिळा आणि शिळेवर पीळ दिलेल्या दांड्याचा क्रूस कोरलेला. त्यावर ना नाव, ना बिरुदावली. हंगेरीच्या मध्ययुगीन राजांपैकी बहुतेकांची थडगी लढायांत आणि लुटालुटीत नष्ट झाली. हे मात्र मूळ जागी आहे. आई तिथल्या बाकावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

वर आल्यावर संग्रहालयात मठाच्या सनदेची प्रतिकृती पाहिली. मूळ सनद पन्नोनहल्माच्या मठात जपून ठेवली आहे. सनद लॅटिनमध्ये आहे आणि तिचा विषय साधा जमिनीचा आहे: राजाने मठाला काय काय दिलं आणि त्याच्या हद्दी कुठून कुठवर. नांगरणारे, द्राक्षमळे राखणारे, कोळी, गुराखी, सगळ्यांची नोंद आहे. पण हद्द सांगायची तर लोकांच्या तोंडची नावं लागतात. टेकडी, डबकं, वाट, झरा यांना लॅटिन नावं कुठून असणार? म्हणून लेखनिकाने ती हंगेरियन नावं तशीच लिहून टाकली. असे ५८ च्या आसपास हंगेरियन शब्द या सनदेत आहेत. त्यातला एक तुकडा तर सलग बोललेला वाटतो: ‘फेहेरुवारु रेआ मेनेह होदु उतु रेआ’, म्हणजे फेहेरवारकडे (आजच्या सेकेशफेहेरवारकडे) जाणाऱ्या लष्करी रस्त्यापर्यंत. मूळ दस्तऐवज आजही टिकून आहे अशा लेखनातले हे सर्वांत जुने हंगेरियन शब्द, आणि तिथल्या शाळकरी मुलांना ते पाठ असतात. पूजापाठातून नाही, काव्यातून नाही, जमिनीच्या कागदातून एका भाषेची पहिली ओळ हाती यावी याचं मला फार अप्रूप वाटलं. सातबारा आयुष्यभर सांभाळणाऱ्या घरातली असल्यामुळे असेल.

चर्चच्या आतलं लाकूडकाम अवश्य बघावं, तेही घाई न करता. सेबेश्त्येन श्तुलहोफ नावाच्या सुताराने मठात राहून पंचवीसेक वर्षं, १७५३ पासून, हे काम केलं. वेद्या, प्रवचनाचं व्यासपीठ, ऑर्गनचा सोनेरी साज, सगळं त्याच्या हातचं. मारियाच्या वेदीपाशी गुडघे टेकलेली एक देवदूती आहे. तिचा चेहरा त्याच्या मेलेल्या वाग्दत्त वधूचा, असं गावात सांगतात. खरंखोटं कोण जाणे, पण तो चेहरा बाकीच्या देवदूतांसारखा नाही हे डोळ्यांना दिसतं. छतावरची चित्रं त्या मानाने अलीकडची. कारोय लोत्स, बेर्तलान सेकेय आणि लायोश देआक-एब्नेर या चित्रकारांनी ती १८८९-९० मध्ये काढली.

मठात आणखी एका राजाचे दिवस गेले. पहिल्या महायुद्धानंतर गादी गेलेला शेवटचा हाब्सबुर्ग राजा चौथा कारोय १९२१ च्या ऑक्टोबरात गादी परत मिळवायला हंगेरीत आला. बुडापेस्टच्या वेशीपर्यंत येऊन त्याचा प्रयत्न फसला. त्याला आणि राणी झिताला २६ ते ३१ ऑक्टोबर या मठात नजरकैदेत ठेवलं होतं. तिथून ब्रिटिश युद्धनौकेतून डॅन्यूबमार्गे आणि पुढे मदेइरा बेटावर. पुढच्या १ एप्रिलला तो तिथेच वारला, वय अवघं ३४. एकाच छपराखाली गादी मिळवून आलेला राजा जमिनीत आणि गादी गमावलेला राजा वरच्या मजल्यावर, यावर आई दिवसभर बोलत होती.

१९५० साली कम्युनिस्ट राजवटीने साधूंना मठातून काढलं. १९९० मध्ये ते परत आले. आज सहलींच्या गर्दीतही त्यांची प्रार्थना चालू असते.

संध्याकाळी प्रतिध्वनीच्या टेकडीवर गेलो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिहान्यचा प्रतिध्वनी देशभर गाजलेला होता. इथून हाक दिली की चर्चच्या उंच भिंतीवर आपटून आख्खी ओळ परत यायची. कवी मिहाय चोकोनाई याने त्या प्रतिध्वनीला उद्देशून कविताच लिहिली आहे. नंतर मधल्या जागेत घरं उठली, झाडं वाढली आणि आवाज क्षीण झाला. गावात याची लोककथा आहे. सोनेरी लोकरीच्या शेळ्या राखणारी एक गर्विष्ठ राजकन्या होती. तळ्याच्या राजाचा मुलगा तिच्यावर जीव टाकून झुरून मेला. राजाने तिच्या शेळ्या तळ्यात बुडवल्या आणि तिला शाप दिला की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तू उत्तर देत राहशील. वारा पडला होता. आईने मोकळ्या गळ्याने ‘विठ्ठल’ अशी हाक दिली. पुसट, अर्धवट, पण आली परत.

शुक्रवार

सकाळी लवकर खालच्या तळ्याकडे उतरलो. द्वीपकल्पाच्या पोटात स्वतःची दोन तळी आहेत. आतलं तळं बालातोनच्या पातळीहून सुमारे २५ मीटर उंच आहे. बालातोनचं पाणी त्यात येत नाही. ही ज्वालामुखीची करणी. सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी इथे वर येणारा लाव्हा पाण्याला भिडून स्फोट झाले, खोलगट विवरं उरली, त्यात पुढे तळी साचली. ज्वालामुखी थंडावल्यावर गरम पाण्याचे झरे उसळत राहिले आणि त्यांतल्या क्षारांचे सुळके तयार झाले. असे शंभरावर गायझर-सुळके या छोट्या भूभागात आहेत. सर्वांत प्रसिद्ध सुळक्याचं नाव ‘सोन्याचं घर’. सोनं म्हणजे खडकावरचं पिवळं-नारिंगी दगडफूल. भूगर्भशास्त्रज्ञ लायोश लोत्सी यांच्या नावाची पायवाट तिथवर जाते. १९५२ मध्ये हा सगळा परिसर हंगेरीतलं पहिलं संरक्षित भूदृश्य-क्षेत्र ठरला. 

आतल्या तळ्याच्या काठी करड्या रंगाची, लांब शिंगांची हंगेरियन गुरं चरत होती. तीच गवत बुटकं ठेवतात, आणि बुटकं गवत इथल्या जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारींना लागतं. गवत वाढलं तर त्यांना शत्रू दिसत नाही आणि त्या वस्ती सोडून जातात. आम्ही शांत बसलो तेव्हा चार-पाच खारी मागच्या पायांवर उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. लॅव्हेंडरसाठी आलेल्या गर्दीपैकी तिथे कोणीच नव्हतं. माझ्या मते तिहान्यमधली सर्वांत सुंदर सकाळ हीच.

दुसरं, बाहेरचं तळं १८०९ मध्ये गवताच्या कुरणासाठी चर खणून कोरडं केलं गेलं. १९७० च्या दशकात त्यात पुन्हा पाणी साठू दिलं. आता ते बोरूचं दलदली रान आहे. पक्षी दिसले कमी, पण आवाज भरपूर.

लॅव्हेंडरची शेतं दुपारनंतर पाहिली. हा लॅव्हेंडर इथला नव्हे. सुगंधी वनस्पतींचे अभ्यासक ज्युला बित्तेरा यांनी १९२४ साली तो इथे लावला. दक्षिण फ्रान्ससारखा कोरडा उतार, चुनखडी आणि भरपूर ऊन त्यांना इथे सापडलं. फुलं पूर्ण उमलायच्या सुमारास कापतात आणि वाफेवर त्यांचं तेल काढतात. कापणीच्या दिवसांत गावाच्या गल्ल्यांतही तो वास असतो. लॅव्हेंडरचं आइसक्रीम आईला आवडलं, मला साबणाचा भास झाला. शेतात भयंकर गर्दी होती आणि लोक झुडपांत शिरून फांद्या मोडत होते, ते बघून वाईट वाटलं. बांधावरून बघितलं तरी रंग तितकाच दिसतो.

शनिवार

पहाटे मी एकटीच साधूंच्या गुहांकडे गेले. वाट चढउताराची, झाडीतून जाणारी. आईचे गुडघे तिथे चालले नसते. गावाच्या उत्तरेला, कड्याच्या पोटात, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडात या खोल्या कोरल्या आहेत. अनास्तासिया राणीबरोबर कीव्हकडून पूर्वेच्या पंथाचे साधू आले, ते इथे राहिले. ते चौदाव्या शतकापर्यंत होते. झोपायच्या कोनाड्यांचे, प्रार्थनेच्या जागेचे, जेवणाच्या खोलीचे अवशेष ओळखू येतात. काही भाग कोसळून गेला आहे. जवळच्या झऱ्याला अजून ‘रशियन विहीर’ म्हणतात. वर बेनेडिक्टीनांचा श्रीमंत मठ आणि इथे त्याच राणीच्या आश्रयाने दगडात राहणारे हे लोक. दोन्ही पंथ एका राजाच्या घरात नांदले. १०५४ मध्ये रोमचं आणि कॉन्स्टँटिनोपलचं, म्हणजे पश्चिमेचं आणि पूर्वेचं, चर्च एकमेकांपासून तुटलं, आणि तिहान्यचा मठ उभा राहिला त्याच्या पुढच्याच वर्षी. फोटो आईला दाखवले तर ती म्हणाली, “अगं, ही तर लेणीच.” मग तिने प्रत्येक खोलीची दिशा आणि उजेड विचारून घेतला.

परतताना जुन्या तटबंदीचा मातीचा बांध ओलांडावा लागतो. इथे लोहयुगात वस्ती होती. गवत वाढल्यामुळे एरवी तो नुसता उंचवटा वाटतो.

दुपारी गावातली जुनी घरं पाहिली. भिंती काळसर ज्वालामुखी दगडाच्या, छप्पर बोरूचं, पुढे खांबांची ओसरी. त्यातलं एक घर कोळ्यांच्या संघाचं होतं, आता ते संग्रहालय आहे. तिथे मला तिहान्यची सगळ्यात देखणी कला कळली. गार्डा नावाचा चंदेरी, तलवारीसारखा मासा थंडीच्या दिवसांत मोठ्या झुंडीने या बाजूला यायचा. टेकडीवर एक जाणता माणूस पाण्याकडे नजर लावून उभा असे. झुंड पृष्ठभागाजवळ आली की पाण्याचा रंग किंचित बदले. तो वरून खुणा करी आणि खालच्या नावा, एकाच खोडातून कोरलेल्या, त्या खुणांवर वळत, थांबत, जाळं वर्तुळात टाकत. खालच्यांना मासा दिसत नसे, वरच्याला जाळं खेचता येत नसे. शेकडो वर्षं चाललेली ही पद्धत विसाव्या शतकात, झुंडी विरळ झाल्यावर, संपली.

किनाऱ्यावर आम्हाला ‘शेळीचे खूर’ही सापडले. राजकन्येच्या बुडालेल्या शेळ्यांचे खूर म्हणून पूर्वी लोक ते घरी नेत. प्रत्यक्षात ते एका नामशेष शिंपल्याचे झिजलेले तुकडे आहेत. बालातोनच्या कितीतरी आधी इथे पन्नोन नावाचं अफाट तळं होतं, त्यातला हा शिंपला. लाटांनी त्याचा पातळ भाग झिजवला आणि जाड टोक उरलं, अगदी दुभंगलेल्या खुरासारखं. दोन्ही गोष्टी आईने ऐकून घेतल्या आणि दोन्ही लक्षात ठेवल्या.

रविवार

सकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. श्तुलहोफच्या साजातला ऑर्गन वाजताना ऐकायला मिळाला, तेवढ्यासाठी रविवार इथे काढावा.

मग सामान घेऊन द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला गेलो. इथे तळं सर्वांत अरुंद आहे, पलीकडचं सांतोद जेमतेम दीड किलोमीटरवर. फेरीबोट दहा मिनिटांत नेते. याच चिंचोळ्या जागी तळ्याचं सर्वांत खोल पाणी आहे, अकरा-बारा मीटर. वाऱ्याने तळ्याचं पाणी एका बाजूला ढकललं की ते या फटीतून जोराने वाहतं आणि तळ खरवडत राहतं. गाडीवाल्यांसाठी उन्हाळ्यात मोठी रांग असते, पायी जाणाऱ्यांना सहज जागा मिळते. ज्यांना परत बुडापेस्टला जायचं आहे त्यांनी आल्या वाटेने न जाता हीच वाट घ्यावी. दक्षिण काठाची रेल्वेही सेकेशफेहेरवारमार्गेच जाते.

आईच्या आग्रहाने आम्ही सेकेशफेहेरवारला उतरलो. सनदेतल्या रस्त्याचं टोक हेच. इथे हंगेरीच्या राजांचे अभिषेक व्हायचे. आंद्राशच्या डोक्यावर मुकुट चढला तोही इथेच. बऱ्याच राजांना पुरलं तेही इथेच. १५४३ मध्ये शहर तुर्कांच्या हाती गेलं. १६०१ च्या लढाईत इथल्या राजचर्चमध्ये साठवलेल्या बंदुकीच्या दारूचा भडका उडाला आणि ते उद्ध्वस्त झालं. पुढे त्याचे दगड दुसऱ्या इमारतींना वापरले. आता तिथे जमिनीलगतचे पाये आहेत आणि गोळा केलेले कोरीव तुकडे. आई पायाभिंतींच्या रेघा मोजत फिरली. नकाशा हातात धरून वेदी कुठे असेल, थडगी कुठे असतील याचा अंदाज घेत होती. मग म्हणाली, “राजधानीत काही राहिलं नाही, आणि त्या एवढ्याशा गावात राजाही राहिला आणि त्याचा कागदही.” मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी पन्नोनहल्माला जाऊ, मूळ सनद तिथे आहे. तिने लगेच वहीत तिथे जायची गाडी कुठून सुटते ते विचारायचं म्हणून लिहून घेतलं.